न्हाणीमागची टाकी

४ नोव्हेंबर, मंगळवार

आलो एकदाचे नव्या घरात. टेम्पोवाल्याने सामान दारात उतरवलं आणि पाठीत उसण भरली म्हणून हात वर केले, त्यामुळे कपाट आत न्यायचं काम माझ्यावर आणि बाबांच्या चाकांच्या खुर्चीवर आलं. बाबा तोवर पायरीवर उशी घेऊन बसले होते आणि जरा डावीकडे, जरा दमानं, असं मला सांगत होते. जन्मभर शाळेत कवायत शिकवली त्यांनी. आता विद्यार्थी म्हणून मी एकटीच उरले आहे.

घर बैठं, तीन खोल्यांचं. मागे छोटं अंगण, आणि मुख्य म्हणजे बाथरूममध्ये टब. त्या टबासाठीच तर हे घर भाड्याने घेतलं. बाबांचे गुडघे गरम पाण्यात अर्धा तास राहिले की वॉकर धरून दहा-बारा पावलं टाकता येतात, नाहीतर सगळा दिवस खुर्चीत. दादाला हे पटत नाही. त्याचं म्हणणं, बाबांना वृद्धाश्रमात ठेवावं, तिथे सगळी सोय असते, आणि मीही आता काही तरुण नाही, अठ्ठावन्नची झाले. यावरून फोनवर आमची चांगलीच जुंपली. शेवटी ठरलं ते असं की वीस दिवस मी बाबांना एकटीने सांभाळून दाखवायचं. २४ तारखेला दादा येणार. बाबा ठीक दिसले तर आश्रमाचं नाव काढायचं नाही, नाहीतर तो त्यांना सोबत घेऊन जाणार. बाबांनी हे सगळं ऐकलं होतं. फोन ठेवल्यावर माझा हात धरून म्हणाले, “मला तिकडे पाठवू नकोस, पोरी.” बघतेच आता दादा कसा नेतो ते.

इस्पितळाच्या धुलाईखान्यात तीस वर्षं काढली मी. चादरींवर माणसाच्या अंगातून जे जे येतं ते सगळं पाहिलंय, धुतलंय आणि वर डबा उघडून जेवलेय. घाणीला मी घाबरत नाही, मला ती खपत नाही एवढंच. बाबा म्हणतात, ही साबणालासुद्धा साबण लावून धुते. आज फरशी तीनदा पुसली, टब दोनदा घासला. उद्या पहिली आंघोळ.

५ नोव्हेंबर, बुधवार

बाबा पस्तीस मिनिटं पाण्यात होते. बाहेर आले तेव्हा गाल लाल, आणि वॉकर घेऊन थेट स्वयंपाकघरापर्यंत चालत आले. मी टाळ्या वाजवल्या तर म्हणाले, आता उद्यापासून परेडला घे मला.

गरम पाण्याची टाकी बाथरूमच्या मागच्या अरुंद खोलीत आहे. या खोलीला दोन दारं, एक बाथरूममध्ये उघडतं आणि दुसरं अंगणात. टाकी माझ्या उंचीची, जुनी, तिच्यावर रंगाचे चार थर. खाली गाळ काढायचा नळ आणि कमरेच्या उंचीवर एक तोंड उघडं ठेवलेला पाइप. घरमालकीणबाई दुसऱ्या गावी राहतात, पण टाकीवर त्यांच्या अक्षरातला कागद चिकटवलेला आहे. पाइपचं तोंड बंद करू नये, खालचा नळ उघडू नये, जमिनीवर जे पडेल ते रोज पुसून अंगणाच्या टोकाला टाकावं.

तर तो पाइप गळतो. टप, टप, टप, चोवीस तास. आणि नुसतं पाणी असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. हे कोमट आहे, ओशट आहे, आणि फरशीवर त्याची साय धरते. पिवळट, सुरकुतलेली, फडक्याने ओढली की एकसंध निघते. शी! फडकं चार पाण्यांत धुतलं तरी बुळबुळ गेली नाही. शेवटी फडकंच टाकून दिलं. अंगणाच्या टोकाला, जिथे हे ओतायचं, तिथे गवताचं पातंही उगवलेलं नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

प्लंबरला बोलावलं. साठीचा माणूस, कामाला हात लावण्याआधी वास घेतो. पाइपचा घेतला, जमिनीचा घेतला, मग स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टाकीला लावून मुठीला कान टेकवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मी विचारलं, ताप आहे का हिला? हसला नाही.

त्याने जे सांगितलं ते असं. उघडा पाइप म्हणजे टाकीचा सुटकेचा रस्ता. पाणी तापलं की फुगतं, जास्तीचं तिथून बाहेर पडतं, म्हणून तो कोणीही कधीही बंद करत नाही. थोडं गळणं चालतं. पण इतकं गळतंय म्हणजे आत गरजेपेक्षा जास्त पाणी येतंय, आणि ते कुठून येतंय हे जमीन खोदल्याशिवाय कळणार नाही. मी म्हटलं, खोदायचं नंतर बघू, आधी त्या पाइपला बूच मारून दे. तो तयारच होईना. म्हणाला, ताई, मी हे करणार नाही आणि तुम्हीही करू नका. गाळ तरी काढ म्हटलं, तर खालचा नळ पूर्ण उघडूनही थेंब आला नाही. त्याने तार घातली. तार आत गेली ती कडक गाळात रुतल्यासारखी नाही, मऊ काहीतरी टोचल्यासारखी. बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकाला केस गुंडाळलेले होते, लांब, काळे, पांढरे, सगळ्या तऱ्हेचे. मला मळमळलं. धुलाईखान्यात तीस वर्षांत मला कधी मळमळलं नव्हतं.

सोमवारनंतर खोदायला येतो म्हणाला.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी ती साय बाथरूमच्या उंबऱ्यापर्यंत आली होती. बाबांचा पाय तिच्यावरून घसरला. मी धरलं म्हणून वाचले, नाहीतर कंबर मोडली असती आणि दादाला आयतंच कारण मिळालं असतं. माझं डोकंच फिरलं. तशीच हार्डवेअरच्या दुकानात गेले, आट्यांचं पितळी बूच आणलं, टेप गुंडाळली आणि पाना लावून ते पाइपच्या तोंडावर घट्ट बसवलं.

गळणं बंद. फरशी सोडा टाकून घासली, आता तिच्यावर कोणी जेवायला बसावं. प्लंबर काय, अशी माणसं दहा वेळा चकरा मारायला बघतात. त्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बाबांनी आज वॉकर न घेता भिंतीला धरून चार पावलं टाकली. मला रडूच आलं. दादाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, बघू, आल्यावर बघू. जळका मेला.

बाबांच्या अंगाची कातडी किती कोरडी होती, पिंढऱ्यांवर भेगा होत्या. सगळ्या भरून आल्या. बाबा खूश आहेत, तासभर टबातून निघत नाहीत. मी स्वतः गार पाण्याने आंघोळ करणारी, मला ते टबाचं कौतुक नाही. पण स्वयंपाकघरातही गरम पाण्याचा नळ आहे आणि त्या पाण्याचा चहा दोन मिनिटांत होतो, तेवढा फायदा मीही घेते. चहाला हल्ली दूध कमी लागतं, पाणीच जरा दाट आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

टब सोडला की कडेला कडं राहतं. आधी मला साबणाचा मळ वाटला. आज नखाने खरवडला तर तीच ती साय, आणि तिच्यात बाबांचे केस. बाबांच्या डोक्यावर आता केस नाहीतच म्हटलं तरी चालेल. भुवयाही विरळ झाल्यात. अंग पुसताना टॉवेलला काहीतरी लागतं, गुलाबी, पातळ. त्यांना दुखत नाही. मी विचारलं तर म्हणाले, उलट हलकं वाटतंय. हलके झालेतच. पूर्वी त्यांना टबातून उठवताना माझा जीव निघायचा, आज एका हाताने उठवलं.

डॉक्टरांना बोलवायचं मनात आलं होतं. पण डॉक्टर आले की दादाला कळणार, आणि दादाला कळलं की संपलं. दहा दिवसांचा तर प्रश्न आहे.

घरमालकीणबाईंना फोन केला आणि पाण्याला ओशट वास येतो म्हणून तक्रार केली. त्यांनी वासाचं काही विचारलंच नाही. पाइप उघडा आहे ना, एवढंच विचारलं. मी खरं ते सांगितलं, बूच मारलंय म्हणून. मग म्हणाल्या, “तुमच्या वडिलांची कातडी मऊ झाली का?”

मी हो म्हटलं. त्यांनी फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलत नाहीत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नाक मुठीत धरून प्लंबरला परत बोलावलं. त्याने पाना लावला, पण बूच हलेना. टाकीचं पोट पुढे आलंय, रंगाला तडे गेलेत. त्याने पाना खाली ठेवला आणि विजेचं बटण बंद केलं.

मग टाकीमागची जमीन उकरली. बाहेरच्या मुख्य नळाकडून टाकीकडे येणारा पाइप सापडला. तो कापलेला होता, दोन्ही तोंडांना टोपणं, टोपणांवर कित्येक वर्षांचा गंज. प्लंबर उकिडवा बसून त्याच्याकडे बघत राहिला.

“ताई, ही टाकी बाहेरून पाणी घेतच नाही.”

मग भरलेली कशी राहते, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्याने घरात नीळ आहे का विचारलं. माझ्याकडे नीळ नसेल तर कोणाकडे असणार! अख्खी बाटली टबात ओतली, टबाचं बूच काढलं, निळं पाणी गुळगुळ करत खाली गेलं. आम्ही दोघं अंगणातल्या गटाराच्या चेंबरचं झाकण उघडून बसलो. टबातलं पाणी तिथे यायला हवं. अर्धा तास बसलो. चेंबर कोरडंच राहिलं, तळाला कोळ्याचं जाळं होतं तेही हललं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी चहाला नळ सोडला. पाणी निळं.

म्हणजे टबातलं पाणी बाहेर जातच नाही. ते टाकीत जातं, टाकीतून नळाला, नळातून परत टबात. आम्ही गार पाणी मिसळतो तेवढंच नवं, आणि तेवढंच जास्तीचं त्या पाइपमधून बाहेर गळत होतं. त्याच्याबरोबर ती साय. तो रस्ता मी बंद केला. प्लंबरला फोन केला, तो म्हणाला आता त्या पाण्याला हात लावू नका, सोमवारी नवी टाकी आणून ही उचलून नेतो.

दोन आठवडे मी बाबांना त्यात बसवलं. बाबांचं आणि या घरात आधी राहून गेलेल्या सगळ्यांचं अंगचं धुणं, आणि त्याचा चहा. मी मोरीत ओकले, पुन्हा पुन्हा ओकले. जीभ मिठाने घासली. ओशटपणा जात नाही. जे बाहेर पडलं त्यावरही साय धरली होती.

२० नोव्हेंबर, गुरुवार

टब बंद. बाबांना सांगितलं, टाकी बिघडली. ते रुसून बसलेत, जेवले नाहीत. आंघोळ दे, आंघोळ दे, दिवसभर तेच. दंडाला धरून खुर्चीत बसवलं तर माझ्या बोटांचे खड्डे दंडावर तसेच राहिले, कणकेवर राहतात तसे. तासाभराने पाहिलं, अजून तसेच.

वीज तीन दिवस बंद आहे. टाकी अजून गरम आहे.

दादाचा फोन आला, चांगले आहेत म्हणून सांगितलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नीट लिहायला हवं. नीट, क्रमाने.

सकाळी पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावून दुकानात गेले. बाबा झोपले होते. अर्ध्या तासात परत आले तर पलंगावर नव्हते. वॉकर जागेवर होता, आता त्यांना लागतच नाही. मीच चालायला शिकवलं.

बाथरूमचं दार नुसतं लोटलेलं. आत बाबा नाहीत. टब काठोकाठ भरलेला, वाफा निघत होत्या. पाणी दाट, दुधाळ, वर बोटभर जाडीची साय. मला वाटलं, हळूच आंघोळ उरकून मागच्या दाराने अंगणात उन्हाला बसले असतील. आणि ते पाणी बघून मला अशी शिसारी आली, अशी शिसारी आली की मी दुसरं काही बघितलंच नाही. आधी टबाचं बूच ओढलं. पाणी जायला खूप वेळ लागला. शेवटी शेवटी भोकाशी काहीतरी अडलं, मी मोरी मोकळी करायच्या रबरी पंपाने दाबलं तसं गेलं. मग पावडर टाकून टब घासला. चकाचक केला. हात धुतले.

मग अंगणात गेले बोलवायला. अंगणाच्या दाराला आतून कडी होती.

स्टुलावर त्यांचे कपडे. घडी घालून. चष्मा वर.

घर तीनदा धुंडाळलं. पलंगाखाली, कपाटात. तिसऱ्यांदा बाथरूममध्ये आले तेव्हा भिंतीपलीकडे टाकीत पाणी अजून भरत होतं, आणि मला कळलं मी काय—

मी दाबलं. पंपाने. मीच.

२२ तारीख, दुपार

पाइपचं बूच निघालं. हातोडीने पान्यावर घाव घातले. वाटलं टाकी फुटेल. नाही फुटली. थेंब थेंब येतंय, पूर्वीसारखंच. कोमट.

फडकं घेऊन गेले होते. हात पुढे केला आणि— नाही पुसवलं. पातेलं लावलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

पातेली संपली. मग डबे, पेले, बरणी. ओट्यावर ओळीने लावलेत, प्रत्येकावर झाकण, झाकणावर वेळ. काहीही वाया घालवलेलं नाही. साय हलवायची नाही. सातव्या पेल्यात एक नख आलं. अंगठ्याचं. तो वेगळा ठेवलाय.

किळस येत नाही. कशी येईल.

प्लंबरला सांगितलं, नवी टाकी नको. येऊ नको. ही कोणी उचलायची नाही.

पेन धरवत नाही. माझ्या बोटांची टोकं मऊ—

२४ नोव्हेंबर, सोमवार

दादा आलाय. सगळ्या खोल्या बघतोय, हाका मारतोय. मी ओट्याशी बसलेय. तोंडातून शब्द निघत नाही म्हणून लिहितेय, वाच म्हणून वही पुढे केली तर बघतही नाही—

स्वयंपाकघरात आला. घरात हा कसला वास म्हणतोय. झाकण उचललं. शी म्हणाला. अगदी माझ्यासारखं—

पातेलं उचललंय. मोरीकडे निघाला. दादा, नको, ते पहिलं आहे, त्यात सगळ्यात जास्त— मान वळवून विचारतोय, बाबा कुठे आहेत, आणि हातातलं पातेलं मोरीवर तिरकं—